दोन बोटं खाली

हात वर गेला, कार्ड निघालं, घड्याळाच्या फटीत गेलं, टण् वाजलं. भीमराज ओव्हाळचं लक्ष तिकडं नव्हतंच. ते कधीच नसायचं. कंपनीच्या गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, त्याच्या भिंतीवर कार्डांची लाकडी फळी, फळीत एकाखाली एक खण. आपला खण कुठला हे नव्या पोरांना बघावं लागतं. जुन्या माणसाचा हात तिथं जातो, जसा घास तोंडाकडं जातो. भीमराज तेव्हा टाइमकीपर रंगरावांशी बोलत होता. "काय रंगराव, मिशी आज चकाकतीय. सोयरीक आली का काय?" रंगराव खिडकीतून म्हणाले, "तेल आहे ते. तू खांद्याला लावतोस, मी मिशीला लावतो." रांगेतली माणसं हसली. भीमराजही हसला. हसता हसता त्यानं कार्ड पंच झालेल्या कार्डांच्या पलीकडच्या फळीत सरकवलं, वळला, आणि वळताना मघाच्या फळीकडं त्याची नजर गेली. त्याचं कार्ड त्याच्या खणात होतं. कोपऱ्याला तेलाचा डाग असलेलं, त्याचंच, जागच्या जागी. मग पंच केलं ते कोणाचं? ते त्याच्या खालच्या खणातलं होतं. किसन कडचं.

एवढंच तर म्हणायचं होतं : रंगराव, चुकून दुसऱ्याचं निघालं, रेघ मारा. मागं एका नव्या पोराचं असं झालं होतं, तेव्हा रंगरावांनी त्याच्या आईबापाचा उद्धार करून लाल रेघ मारली होती, खाली सही केली होती, आणि गोष्ट चहाच्या आत विसरली गेली होती. पण तो पोरगा नवा होता. आणि त्याच्या मागं रांगेत बबनराव उभे नव्हते. भीमराजच्या मागं होते. बबनराव, प्रेस शॉपचे चार्जहँड म्हणजे मुकादम, कंपनीच्या व्हॉलीबॉल संघाचे एके काळचे कप्तान आणि आता सगळं काही. रंगरावांच्या विनोदाला रांग हसली तेव्हा जे हसले नव्हते ते. पंधरवडाभर ते काही बोलत नव्हते, फक्त बघत होते. संध्याकाळी मैदानावर भीमराजनं उडी मारली की ते चेंडूकडं बघत नसत, त्याच्या कोपराकडं बघत. अरे, तुझा हात तुझ्या खणापर्यंत पोचला नाही? असं ते म्हणाले नसते. त्यांनी नुसतं बघितलं असतं. भोंगा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "चला की राव, लेट मार्क लावता का?" भीमराजनं, ह्या खेपेला डाव्या हातानं, आपलं कार्ड ओढलं. टण्. एका माणसाची दोन कार्डं. किसन त्या दिवशी कामावर आलेलाच नव्हता.

हात दोन बोटं खाली गेला होता. दोन बोटं हे माप भीमराजचं नव्हे, कुसुमताईंचं. पुण्यातल्या एका दवाखान्याच्या तळमजल्यावर त्यांची व्यायामोपचाराची खोली होती. छताला दोरी आणि चाक, कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या, भिंतीवर कुठल्याशा माणसाचं कातडी सोललेलं चित्र. साप्ताहिक सुट्टीला तो चिंचवडहून गाडीनं तिथं जायचा, आणि संघात कोणी विचारलं तर सासुरवाडीला गेलो होतो म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "डोळे मिटा." त्यांनी त्याचा डावा हात धरून वर नेला, कुठंतरी थांबवला. "आता उजवा ह्याच्या बरोबरीला आणा. बघायचं नाही." त्यानं आणला. "झालं?" "झालं." "नक्की?" "नक्की." "उघडा." उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. भीमराज हसला. परत केलं. परत दोन बोटं. मग त्याचं हसू गेलं. आपला हात आपल्या अंगाला लागून असताना, आपण तो वर उचललेला असताना, तो कुठं आहे हे आपल्याला चुकीचं कळतं, आणि चुकीचं कळतंय हे अजिबात कळत नाही. अशी भीती त्याला कधी वाटली नव्हती. खांदा निखळला तेव्हासुद्धा नाही. ती वेदना होती. वेदना आपली असते.

"ताकद आहे हो, ओव्हाळ," कुसुमताई म्हणाल्या. "मला ढकलत भिंतीपर्यंत न्याल एवढी ताकद आहे. ताबा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हात कुठं आहे ते आतून कळत असतं. सांध्याभोवतीचे स्नायू, पडदे, ते सारखे वर कळवत असतात. सांधा निखळला तेव्हा ते ताणले गेले, फाटले. आता कळवणारा चुकीचं कळवतो आणि तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवता."

"मग करायचं काय?"

"तुम्हाला जिथं बरोबर वाटेल त्याच्या थोडं वर जायचं. वाटतं तिथं थांबायचं नाही. आणि मी ढकलीन तेव्हा हलायचं नाही."

मग त्या ढकलायच्या. त्याचा हात पुढं ताठ, आणि त्या मनगटाला कधी ह्या बाजूनं, कधी त्या बाजूनं रेटायच्या, कधी अचानक सोडून द्यायच्या. "हलू नका. मारामारी नाही करायची माझ्याशी. नुसतं राहायचं." लोखंड उचलणं त्याला सोपं होतं. नुसतं राहणं जमत नव्हतं. खांदा आतल्या आत थरथरायचा, एखाद्या जनावराच्या पाठीवर माशी बसल्यावर कातडी थरथरते तसा.

निखळला होता तो सरावात. मागल्या वर्षी पावसाळा संपून मैदानावर नवा मुरूम टाकला होता, खाली जाणारा चेंडू उचलायला तो आडवा झाला आणि अंगाखाली हात राहिला. ऊठ म्हणाले तेव्हा उठला, पण हात बरोबर आला नाही, बाजूला कुठंतरी टांगल्यासारखा राहिला. गावठाणातल्या तालमीत भैरू वस्ताद होता, त्यानं काखेत टाच रोवून तो बसवला. खट् आवाज झाला आणि बबनरावांनी भीमराजच्या तोंडात स्वतःचा रुमाल कोंबला होता तो काढून घेतला. "वाघ आहेस," म्हणाले. मग गळ्यात झोळी, मग शेक, मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं. पहिल्यासारखं असं सगळे म्हणाले. एकदा बनियन काढताना तो पुन्हा निसटला आणि त्यानं स्वतःच भिंतीला रेटून बसवला, हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला, कस्तुराला होतं. फडताळातले पितळी डबे तिनं वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणले, आणि भीमराजनं विचारलं तेव्हा म्हणाली, "माझाच हात पुरत नाही तिथवर." तिचा पुरत होता.

आणि मैदानावर चेंडू जाळ्यात जाऊ लागले. फटका तोच, आवाज तोच, चेंडू फुटावा असा; पण जाळ्याच्या वरच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडायचा. "लिफ्ट कमी येतीय," भीमराज चेंडू चढवणाऱ्याला म्हणायचा. तो बिचारा आणखी वर चढवायचा. बबनराव कोपराकडं बघायचे. स्मॅश मारताना डोळे चेंडूवर असतात. हात असतो पाठीमागं, डोक्याच्या मागं, जिथं कोणाचीच नजर पोचत नाही, आणि तिथून तो निघतो तेव्हा तो कुठून निघाला हे हातालाच ठाऊक असावं लागतं. कामावर, पत्रा दाबायच्या प्रेसवर भीमराजची चूक होत नव्हती, कारण प्रेसवर तो हाताकडं बघायचा. पत्रा डायमध्ये, साच्यात ठेवायचा, हात बाहेर, पायानं पेडल. पूर्वी बघायचा नाही, आता बघायचा. शेजारच्या प्रेसवाल्यानं विचारलंही होतं, "काय रे, बोटं मोजतोस का रोज?"

वर उचललेला हात. त्याची पहिली आठवणच ती होती. वडील देहूरोडला लष्कराच्या डेपोत हमाल होते. वस्तीच्या पलीकडं जवानांच्या बराकी, आणि बराकींपुढं दोन खांबांना बांधलेलं जाळं. भीमराज तारेपाशी उभा राहून बघायचा. एका संध्याकाळी त्यांना एक गडी कमी पडला आणि एका उंच जवानानं तारेकडं बघून हात वर केला, ये. तो कोणाला बोलावतोय म्हणून भीमराजनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. त्या दिवशी खेळ संपल्यावर प्रत्येकानं जाळ्याखालून प्रत्येकाच्या हातावर हात मारला. त्याच्याही. गावाकडं, रावेतला आत्याकडं गेलं की पाण्याच्या भांड्यापासून हात किती लांब ठेवायचा हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं, ते अंगात होतं, बोटाबोटानं मोजलेलं. इथं जाळ्याच्या वर कोणाचा हात कोणाच्या हाताला लागतो हे कोणी मोजत नव्हतं. तिथपासून तो हात वर करत आला. डेपोचं मैदान, मग शाळेचं, मग पिंपरीची एक स्पर्धा, जिथं बबनरावांनी त्याला पाहिलं आणि सामना संपल्यावर एवढंच विचारलं, "काम करशील का कंपनीत?" त्याच हातानं काम, त्याच हातानं खोली, कस्तुरा, आईचं म्हातारपण. सगळं त्या सांध्याला टांगलेलं. सांधा केवढा असतो? कुसुमताईंच्या भिंतीवरच्या चित्रात तो लिंबाएवढा दिसायचा.

दोन दिवसांनी किसन कामावर आला. चाकणच्या पलीकडच्या वाडीतला गडी, पुढचे दोन दात पडलेला, रोज सायकलवरून येणारा. तो बदली कामगार होता, नुकताच कच्च्या म्हणजे तात्पुरत्या नोकरीवर आला होता, आणि पक्क्याच्या यादीत त्याचं नाव दिवाळीपर्यंत लागेल असं सगळे म्हणत होते. पेढे घेऊन आला. "पोरगी झाली. दोन दिस लई हाल काढले तिनं. सुईन म्हनली, न्हाई जमत, मंग बैलगाडीनं आनली दवाखान्यात." भीमराजनं पेढा डाव्या हातात घेतला. किसनला अजून काही ठाऊक नव्हतं. दुपारी नोटीस लागली तेव्हा झालं. आणीबाणीच्या त्या वर्षी जिकडंतिकडं शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या, स्टेशनावर, बसवर, संडासाच्या भिंतीवरसुद्धा. आणि गैरहजर माणसाचं कार्ड पंच करणं ह्याच्यासारखी बेशिस्त कंपनीच्या लेखी दुसरी नव्हती. रंगरावांनी एकाच माणसाचे दोन टण् ऐकले होते. त्यांच्या मनात काही नसेल. पण ऐकलेलं ऐकलं म्हणावंच लागतं.

किसन प्रेस शॉपच्या दारात येऊन उभा राहिला. आधी तो हसला. "माझं कार्ड तू ठोकलंस व्हय, भीमभाऊ? लई उपकार केलंस. आन् मी तुला कवा सांगितलं?"

"नाही सांगितलंस."

"मंग?"

भीमराजनं डायमधला पत्रा सरळ केला.

"आरं, मंग कशापायी? माझा खाडा व्हता तर खाडा. एक दिसाचा पगार गेला असता. आता त्ये म्हनत्यात, दोघांचं संगनमत हाय. तू पक्का हायेस, तुझ्यामागं बबनराव हायेत. मला धरून गेटाभायेर टाकायला कितीसा येळ लागतो?" त्याच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, निघायचं विसरल्यासारखं राहिलं होतं. "सांग की त्यास्नी, चुकून झालं म्हनून."

चुकून. हा शब्द किती सोपा होता, आणि त्याच्यामागं किती मोठी खोली होती, आणि त्या खोलीत डोळे मिटून बसलेला एक माणूस होता ज्याचा हात... चुकून म्हटलं की साहेब विचारणार, इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही, आता कसं चुकलं? मग खांदा. खांदा म्हटलं की डॉक्टर. डॉक्टर म्हटलं की प्रेसवर कसा उभा राहतोस असा प्रश्न. आणि संघ. कंपन्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना दोन आठवड्यांवर होता.

बबनराव संध्याकाळी त्याला मैदानाच्या कडेला घेऊन बसले. औषधांच्या कारखान्याकडून तो नेहमीचा आंबूस वास येत होता. पोरं जाळं बांधत होती. "हे बघ भीमा," बबनराव म्हणाले, "चौकशीत तुझ्या बाजूनं मी बसणार आहे. साहेबांशी बोललोय. तू एवढंच सांगायचं : किसननं सांगितलं, मित्र म्हणून केलं, चूक झाली. तुला चार दिवस घरी बसवतील. सामन्याच्या आत परत."

"आणि किसन?"

"किसन कच्चा आहे. कच्च्याचं काय, आज आहे उद्या नाही. पुढल्या वर्षी मी घेईन त्याला परत, शब्द देतो."

"त्यानं सांगितलं नव्हतं, बबनराव."

"मग का केलंस?"

भीमराजनं तोंड उघडलं. बबनराव त्याच्या तोंडाकडं बघत नव्हते. जाळ्याच्या पट्टीकडं बघत होते. "नको सांगूस," ते हळूच म्हणाले. "मला सांगितलंस तर मला ठाऊक होईल. ठाऊक झालं की तुला उतरवावं लागेल. मला अजून ठाऊक नाही." मग उठले, विजारीची धूळ झटकली आणि पोरांवर ओरडले, "पट्टी सरळ करा रे! डोळे आहेत का बटाटे?"

त्या संध्याकाळी भीमराज सरावाला उतरला नाही. घरी जाऊन ओट्यापाशी बसला. कस्तुरा भाकऱ्या थापत होती. तिचे हात तो बघत राहिला. ती त्याच्याशी बोलत होती, शेजारच्या छबूबाईचं काहीतरी सांगत होती, आणि हात आपलं काम करत होते. पीठ, पाणी, थाप, वळण, तवा. ती एकदाही हातांकडं बघत नव्हती. किसनच्या बायकोला तो ओळखत नव्हता. पण तीही असंच न बघता करत असणार. आता मांडीवर पोर. "अहो, ऐकताय ना?" कस्तुरा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. लपवून लपवून मलाच खांदा दुखायला लागलाय."

चौकशी वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, त्याच्यामागं साहेब, बाजूला लिहिणारा कारकून. अलीकडं भीमराज आणि बबनराव. भिंतीलगतच्या बाकावर किसन, टोपी मांडीवर. लिहिलेलं वाचलं तर ते असं आहे :

प्रश्न : सदर दिवशी सकाळी आपण दोन कार्डं पंच केलीत, हे खरं?

उत्तर : खरं.

प्रश्न : एक आपलं, दुसरं किसन कड ह्यांचं?

उत्तर : पहिलं किसनचं. दुसरं माझं.

(कारकुनानं मान वर केली. क्रमानं काय फरक पडतो, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. क्रमानंच सगळा फरक पडत होता. मुद्दाम करणारा आधी स्वतःचं करतो. पण हे भीमराजला तेव्हा सुचलं नाही, त्याला नुसतं दिसलं : आपलं कार्ड, वर, जागच्या जागी.)

प्रश्न : किसन कड ह्यांनी तसं करण्यास सांगितलं होतं?

(बबनरावांचा गुडघा टेबलाखाली त्याच्या गुडघ्याला लागला. जाळ्यापाशी उभं असताना लागायचा तसा. आता मार.)

उत्तर : नाही.

प्रश्न : मग आपण तसं का केलंत?

उत्तर :

कारकुनाच्या कागदावर इथं मोकळी जागा आहे. त्या जागेत एक माणूस उभा राहिला, त्यानं सदऱ्याची बटणं काढली, आणि उजवी बाही खांद्यावरून उतरवली. ते लिहायचं कसं हे कारकुनाला ठाऊक नव्हतं. "साहेब," भीमराज म्हणाला, "माझा हात दोन बोटं खाली जातो. मी बघितलं नाही तर. मला वाटतं बरोबर गेला, पण तो खाली गेलेला असतो. त्याचं कार्ड माझ्या खाली आहे."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. वाईट माणूस नव्हता. "ओव्हाळ, तुम्ही संघाचे स्मॅशर आहात. गेल्याच महिन्यात मी तुमचा खेळ पाहिलाय. ही असली कारणं... कशावरून?"

"बघा. मी डोळे मिटतो. कोणीतरी माझा डावा हात वर करा आणि कुठंही थांबवा. कोणीही." मग तो म्हणाला, "किसन, तू धर."

किसन उठला. टोपी खाली पडली. त्याची बोटं भीमराजच्या डाव्या मनगटाभोवती आली. खरखरीत, गार. हात वर गेला. थांबला. भीमराजनं डोळे मिटले होते. आता उजवा. उजवा निघाला. पंख्याचा आवाज, खालून प्रेसचा धप्, धप्, कारकुनाच्या टाकाचा नाही. आणि हात वर जात होता, आणि आत, त्या लिंबाएवढ्या जागेत, कोणीतरी सांगत होतं : इथं. इथं बरोबर. आणि ह्या इथं पासून थोडं वर आणखी एक जागा होती, जी महिनोन्‌महिने कुसुमताईंनी रेटून रेटून त्याला दाखवली होती, वाटतं तिथं थांबायचं नाही, थोडं वर, आणखी थोडं. तिथं गेला तर हात बरोबर जुळेल. जुळला तर साहेब म्हणतील, बघा, ठीकच तर आहे. किसन दाराबाहेर आणि भीमराज मैदानावर. त्या जागेची ओढ त्याला खांद्यात लागली, जशी जाळ्यापाशी उंच चढलेल्या चेंडूची लागते. आयुष्यभर त्यानं हात वर नेला होता. आता खाली थांबायचं होतं. किसनची बोटं मनगटावर होती. हात थांबला. त्यानं थांबवला की तो थांबला? हलू नका. नुसतं राहायचं. तो राहिला.

"आरं द्येवा," किसन म्हणाला.

भीमराजनं डोळे उघडले. उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर खाली होता. दोन बोटं नव्हे, वीतभर. सगळे बघत होते. साहेब बघत होते, कारकून बघत होता, किसन त्याचं मनगट धरून तसाच उभा होता. एकटे बबनराव बघत नव्हते. ते खिडकीबाहेर, खाली, जिथून मैदानाचा एक कोपरा आणि एक खांब दिसतो तिकडं बघत होते. मग ते उठले, भीमराजची उतरलेली बाही त्यांनी दोन्ही हातांनी हळूच वर ओढली, खांद्यावर नीट बसवली, आणि बटण लावायला गेले. बटण त्यांच्या बोटांना सापडेना. "राहू द्या," भीमराज म्हणाला. "राहू दे कसं?" बबनराव म्हणाले, आणि लावलं.

साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा."

किसन राहिला. भीमराजला प्रेसवरून काढलं, डॉक्टरांपुढं उभं केलं, आणि कामावरून काढावं की ठेवावं ह्यावर बरेच दिवस वर कागद फिरत राहिले. तोवर त्याला टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. माणसं चिठ्ठी देतात, तो आत जाऊन कटर आणतो, खालच्या फळ्यांवरून. अंतिम सामना त्याच्याशिवाय झाला. तो बघायला गेला नाही, पण स्टोअरच्या पत्र्यावरून आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला त्याचा खांदा किंचित उचलला जात होता, बरोबर वेळेवर.

पुढच्या सुट्टीला तो कुसुमताईंकडं गेला. त्यांनी डोळे मिटायला सांगितले. डावा वर नेला. उजवा त्यानं आणला, वाटतं तिथंच थांबवला. "दोन बोटं," त्या म्हणाल्या. "नेहमीइतकंच." त्यानं डोळे उघडून पाहिलं. दोनच बोटं. "त्या दिवशी वीतभर होता," तो म्हणाला. "मग त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" भीमराजनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. काय केलं ते त्याला अजून कळलेलं नाही. हात त्या दिवशी आपण होऊन एवढा खाली राहिला असेल, तर तो पार कामातून गेला होता. आणि आपण ठेवला असेल, तर निखळल्यापासून पहिल्यांदाच तो आपल्या ताब्यात होता, आणि त्याच ताब्यानं आपण साहेबांना फसवलं होतं. दोन्हीत कुठंतरी काहीतरी दुखत होतं, आणि ते खांद्यात नव्हतं. "हात पुढं करा," कुसुमताई म्हणाल्या, आणि रेटू लागल्या.

आता सकाळी रांगेत किसन त्याच्या पुढं असतो. "भीमभाऊ, माझं सोडून कोनाचंबी ठोक," असं एकदा म्हणाला, आणि कोणी हसलं नाही तेव्हा स्वतःच हसला. दोन दात नसलेलं तोंड. मग खिशातून काजळाचा हात उमटलेला एक फडक्याचा तुकडा काढून दाखवला. पोरीचा हात होता. लांबलेलं बारसं येत्या आठवड्यात आहे, तू येशील ना, म्हणाला. भीमराज येईन म्हणाला. खिडकीतून रंगराव बघतात, मिशीला तेल असतं, पण विनोद होत नाही. भीमराजची पाळी येते. तो फळीसमोर उभा राहतो, नव्या पोरासारखी मान वर करतो, आणि वरच्या खणापासून एकेक नाव वाचत खाली येतो. मागची माणसं थांबतात. कोपऱ्याला तेलाचा डाग दिसतो. तो डाग बघत बघत, नजर न हलवता, तो उजवा हात वर नेतो. कार्ड निघतं. नाव वाचतो. फटीत घालतो.

टण् वाजतं. एकदाच.